हनोईत पहिल्या दिवशी काहीच पाहू नका

नाशिकच्या एका निवृत्त दांपत्याचा प्रश्न आला आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर ते दोघे कोणत्याही सहल कंपनीशिवाय व्हिएतनामला निघाले आहेत आणि त्यांचे पहिले चार दिवस हनोईत जाणार आहेत. भारताबाहेरचे हे त्यांचे पहिलेच शहर. गोंगाट फार, रस्ता ओलांडता येत नाही, शाकाहारी माणसाचे हाल होतात, असे तिघा-चौघांकडून ऐकून ते थोडे धास्तावले आहेत. मुख्य स्थळे पहिल्याच दिवशी उरकून टाकावीत का, आणि सुरुवातीलाच शहराबद्दल मन खट्टू झाले तर पुढच्या दिवसांचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी २००७ पासून लहान गट घेऊन आग्नेय आशियात जाते आणि हनोईला माझे जाणे तिसाहून अधिक वेळा झाले आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे: पहिल्या दिवशी एकही स्थळ पाहू नका. हे शहाणपण मला चूक करून आले. माझा पहिला गट बारा जणांचा होता. रात्रभराचा प्रवास करून आम्ही सकाळी उतरलो, आणि दिवस वाया जाऊ नये म्हणून मी सगळ्यांना सामानासकट थेट हो ची मिन्ह यांच्या समाधीकडे नेले. तो सोमवार होता, आणि समाधी सोमवारी व शुक्रवारी बंद असते. हे मी आधी पाहून ठेवायला हवे होते. तिथून भर दुपारी जुन्या पेठेत आलो, दोन जणींना रस्ता ओलांडताना रडू कोसळले, जेवायला एक वाजून गेल्यावर बसलो तेव्हा चांगल्या दुकानांतले पातेले रिकामे झाले होते. संध्याकाळपर्यंत बाराही जणांनी या शहराविषयी निकाल देऊन टाकला होता. पुढचे तीन दिवस उत्तम गेले, तरीही परतीच्या विमानात पुन्हा त्या पहिल्या दिवसाचीच उजळणी चालली होती. त्यांच्या त्या निकालात हनोईचा वाटा थोडा होता. जागरण, भूक आणि चुकीची वेळ यांचा वाटा मोठा होता.

हनोईच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण या शहराची शिस्त वरवर दिसत नाही. सिंगापूरला उतरल्यावर तासाभरात व्यवस्था कळते. हनोईतली व्यवस्था कळायला एक रात्र आणि एक पहाट मध्ये जावी लागते.

विमानतळाचे नाव नोई बाय. तो शहराच्या उत्तरेला सुमारे २७ किलोमीटरवर आहे. तिथून ८६ क्रमांकाची बस जुन्या पेठेकडे येते. सामान जास्त असेल तर ग्रॅबसारख्या अ‍ॅपवरून गाडी बोलवावी, म्हणजे भाड्याची घासाघीस पहिल्याच अर्ध्या तासात नशिबी येत नाही. (भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, अर्जातले नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळते ना, एवढे निघण्यापूर्वी तपासा.) वाटेत २०१५ मध्ये खुला झालेला पाच मनोऱ्यांचा न्यात तान पूल लागतो, खाली लाल नदीचे रुंद, गढूळ पात्र दिसते, आणि रस्ता इतका प्रशस्त असतो की ऐकलेले सगळे खोटे होते असे वाटू लागते. मग गाडी एका वळणावर जुन्या पेठेत शिरते आणि तिघा-चौघांनी सांगितलेले सगळे एकदम खरे ठरते. हे दोन्ही ग्रह तितकेच अपुरे आहेत. २००८ मध्ये शेजारचा प्रांत जोडून घेतल्यापासून हनोईचे क्षेत्रफळ तीन हजार तीनशे चौरस किलोमीटरांच्या घरात गेले आहे. प्रवासी ज्याला हनोई म्हणतात ते होआन किएम तळ्याभोवतीचे पायी फिरता येईल एवढे वर्तुळ आहे. खोली त्या वर्तुळात घ्या, पण ता हिएन गल्लीजवळ घेऊ नका, कारण तिथे रात्री उशिरापर्यंत बियर आणि कर्णे चालू असतात.

पोहोचल्यावर आंघोळ करून झोपा. तीन-साडेतीनला उठा, चहा घ्या आणि तळ्यावर जा. तळ्याला एक फेरी मारायला, मध्ये दोनदा बसूनही, पाऊण तास पुरतो. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम एवढाच. तुमचा आगमनाचा दिवस शुक्रवार किंवा शनिवार येईल असे तिकीट मिळत असेल तर अवश्य घ्या, कारण २०१६ पासून शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. मुले खेळण्यातल्या गाड्या चालवतात, म्हाताऱ्या जोडप्यांचे नाच चालतात आणि हेच शहर पुष्कळ मवाळ रूपात समोर येते.

त्या संध्याकाळी बहुधा एक ओळखीचा वास येईल. माझ्या गटांतल्या पुणेकरांना आणि मुंबईकरांना तो प्रथम ओळखू येत नाही, मग कुणीतरी वर पाहते आणि म्हणते, अहो, ही तर सप्तपर्णी! आपल्याकडे रस्तोरस्ती लावलेली आणि दिवाळीच्या आगेमागे ज्या वासाने निम्म्या लोकांचे डोके उठते तीच सातवीण हनोईच्या शरदाची खूण मानली जाते. तिथे तिला होआ सुआ म्हणजे दुधाचे फूल म्हणतात. परक्या गावातल्या पहिल्या संध्याकाळी असा ओळखीचा वास येणे मला कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा उपयोगी वाटते, कारण त्यानंतर माणसे आपोआप झाडे, घरे आणि चेहरे पाहू लागतात.

तळ्याच्या नावाचा अर्थ परत केलेली तलवार. पंधराव्या शतकात ले लोई याने चीनच्या मिंग सैन्याशी दहा वर्षे झुंज देऊन १४२८ मध्ये गादी मिळवली. दैवी तलवारीने त्याला यश दिले आणि विजयानंतर याच तळ्यातल्या एका कासवाने ती मागून घेतली, अशी कथा आहे. मराठी माणसाला इथे भवानी तलवार आठवणे साहजिक आहे. ती आठवण मनात जरूर ठेवावी. पण व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीचा अभ्यास करून, अशा आशयाचा जो निरोप आपल्या फोनवर वर्षानुवर्षे फिरतो आहे तो तिथल्या वाटाड्याला दाखवून दुजोरा मागू नये. मी हा प्रसंग पाचदा तरी पाहिला आहे. वाटाडे सौजन्याने हसतात, आणि ते हसणे पाहवत नाही. तळ्यातले शेवटचे प्रसिद्ध महाकाय कासव २०१६ च्या जानेवारीत मेले. त्याचे जतन केलेले शरीर लाल लाकडी पुलापलीकडच्या न्गोक सोन मंदिरात काचेच्या पेटीत ठेवले आहे. मंदिर दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेत तरी चालेल.

आता रस्ता ओलांडण्याविषयी, कारण तुमच्या पत्रातली खरी भीती तीच आहे. व्हिएतनाममध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. आपली मान मात्र जन्मभराच्या सवयीने आधी उजवीकडे वळते. फुटपाथवरून पाऊल खाली टाकल्यावर पहिली दुचाकी डावीकडून येणार आहे, आणि आपण पाहतो आहोत उजवीकडे. मराठी प्रवाशांचे बहुतेक दचकणे यातूनच निघते, वाहनांच्या संख्येतून तितके नव्हे. म्हणून पहिल्या संध्याकाळी तळ्याजवळच्या एखाद्या लहान, एकेरी रस्त्यावर उभे राहून दहा मिनिटे नुसते पाहा. दुचाकीस्वार थांबत नाहीत असे दिसेल, पण ते पायी चालणाऱ्याकडे डोळे लावून असतात हेही दिसेल. तुम्ही ज्या गतीने चालता आहात त्याच गतीने चालत राहाल असे गृहीत धरून ते तुमच्या पुढून किंवा मागून वळण घेतात. त्यांच्या हिशेबात तुमचे चालणे पक्के धरलेले असते; तुम्ही मध्येच थबकलात, पळालात किंवा, सर्वांत वाईट म्हणजे, एक पाऊल मागे आलात की तो हिशेब मोडतो. एकमेकांचा हात धरून ओढाताण करण्याऐवजी, दोघांनी एकामागे एक न राहता खांद्याला खांदा लावून सावकाश चालत राहावे, म्हणजे येणाऱ्याला तुम्ही दोघे मिळून एकच अडथळा वाटता. मोटारी आणि बसगाड्या यांना हा नियम लागू नाही. त्या वळत नाहीत, त्यांना जाऊ द्यावे.

ही शिस्त कशी बसते याचा एक दाखला मी पाहिला आहे. २००७ च्या सुरुवातीला मी गेले तेव्हा दुचाकीवर हेल्मेट जवळजवळ दिसत नव्हते. त्या वर्षी १५ डिसेंबरपासून सक्ती झाली, आणि पुढच्या वर्षी गेले तेव्हा उघडे डोके शोधावे लागत होते. पुण्यात या विषयावर किती मोर्चे, किती पत्रे आणि किती विनोद झाले ते आठवून मी तेव्हा एका चौकात बराच वेळ उभी होते. अलीकडे, १ जानेवारी २०२५ पासून, सिग्नल तोडणाऱ्या दुचाकीला ४० ते ६० लाख डोंग दंड आहे, म्हणजे आपले तेरा ते वीस हजार रुपये. त्यामुळे मोठ्या चौकांत आता लाल दिव्याला खरोखर थांबतात, आणि जुन्या प्रवाशांनी तुम्हाला सांगितलेल्या गोष्टींतली थोडी भीती तुम्ही वजा करू शकता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तळ्यावर असावे. नाशिकला गोदाकाठी किंवा जॉगिंग ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. या वेळी शहर म्हाताऱ्यांच्या ताब्यात असते: कवायती, पंखे घेऊन केलेले संथ व्यायाम, फुटपाथवर जाळी बांधून खेळलेले बॅडमिंटन, आणि कर्ण्यावरच्या गाण्यांवर नाचणाऱ्या साठीच्या बायका. त्यांच्या शेवटच्या रांगेत उभे राहिले तर कुणी हटकत नाही. उलट हात कसा वळवायचा ते दाखवतात. मग साडेसहाच्या सुमारास जुन्या पेठेत शिरावे. दुकानांची दारे अजून अर्धवट उघडी असतात, दुचाक्यांनी फुटपाथ अडवलेले नसतात, आणि कावडीवर भाजी, फुले, टोफू घेऊन निघालेल्या बायकांची ये-जा चालू असते. दुपारी ज्या गल्लीत जीव गुदमरतो तीच गल्ली या वेळी वाचता येते.

वाचता येते हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. या पेठेतल्या बहुतेक रस्त्यांची नावे ‘हांग’ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक म्हणजे चांदी, हांग थिएक म्हणजे कथिल, हांग क्वात म्हणजे पंखे, हांग चिएउ म्हणजे चटया, हांग लुओक म्हणजे कंगवे. १०१० मध्ये राजा ली थाय तो याने राजधानी इथे आणून तिला थांग लाँग, म्हणजे वर झेपावणारा ड्रॅगन, असे नाव दिले. राजवाड्याला लागणारा माल पुरवणारे कारागीर आपापल्या गावांहून येऊन एकेका गल्लीत वसत गेले. तांबट आळी आणि बुरुड आळी ज्यांच्या तोंडात आहे त्यांना यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. तरीही एक गोंधळ हमखास होतो: रस्ता सरळच जातो आणि नाव मात्र बदलत राहते. तळ्यापासून उत्तरेकडे नाकासमोर चालत गेलात तर हांग डाओ, हांग न्गांग, हांग डुओंग आणि डोंग सुआन अशी चार नावे दहा-बारा मिनिटांत येऊन जातात. आपण रस्ता चुकलो असे वाटून माणसे मागे फिरतात. फिरू नका, पेठ बदलली आहे, रस्ता तोच आहे.

काही गल्ल्यांनी माल बदलला आहे. हांग गाय इथे पूर्वी ताग आणि दोरखंड मिळत, आता रेशमाची दुकाने आहेत. हांग थिएकमध्ये मात्र आजही पत्रा ठोकण्याचा आवाज घुमतो. कसब्यातली तांबट आळी ज्याने ऐकली आहे त्याने तिथे दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहावे. लान ओंग रस्त्यावर काष्ठौषधींची दुकाने आहेत, दालचिनी आणि सुकवलेल्या मुळ्यांचा वास रस्त्याच्या तोंडापासून येतो. हांग मा ही कागदाची गल्ली, आणि मला सर्वांत जास्त वेळ तिथे लागतो. पितरांसाठी जाळायच्या वस्तू तिथे मिळतात: कागदी पैसे, कागदी कपडे, कागदी दुचाकी, कागदी मोबाइल. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला दुकानांपुढे पत्र्याच्या डब्यात त्या जाळलेल्या दिसतात. माझ्या गटातल्या एका आजींनी हे पाहून विचारले होते की, चार्जर पाठवतात की नाही? वाटाड्याने गंभीरपणे सांगितले, पाठवतात.

घरांकडेही पाहा. पुढून तीन-चार मीटर रुंद आणि मागे वाड्यासारखी लांबच लांब गेलेली ही नळीघरे आहेत; पुढे दुकान, मध्ये उजेडासाठी उघडा चौक, मागे माजघर आणि स्वयंपाक. मा मे रस्त्यावरचे ८७ क्रमांकाचे घर दुरुस्त करून पाहण्यासाठी खुले ठेवले आहे. तिथे गेल्यावर बाहेरच्या सगळ्या बंद दारांमागे काय असेल याची कल्पना येते, आणि रस्त्यावर इतके आयुष्य का मांडलेले असते हेही कळते, कारण पाच-सहा कुटुंबे एका नळीत राहू लागली की बसण्याची जागा फुटपाथवरच मिळते. हांग लुओकवर १२ क्रमांकाला एक मशीद आहे. १८९० च्या सुमारास भारतातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती बांधली. आपल्याआधी आपल्याकडचे लोक इथे येऊन, धंदा करून, नमाजाला जागा बांधून राहिले होते, हे तिथे उभे राहिल्यावर जाणवते.

पहिल्या दोन दिवसांत एक गोष्ट तुम्हाला खटकण्याची शक्यता आहे. चहाच्या टपरीवरची बाई, दुकानदार, शेजारच्या स्टुलावरचा तरुण, कुणीही पहिल्या दोन वाक्यांत वय विचारेल, लगेच मुले किती हे विचारेल. युरोपातून आलेले प्रवासी यामुळे अवघडून जातात. मराठी माणसाने अवघडू नये, कारण त्यामागचे कारण आपल्याला चटकन कळेल असे आहे. व्हिएतनामी भाषेत समोरच्याला हाक मारायला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ असा एक सोयीचा शब्द रोजच्या बोलण्यात नाही. नात्याचा शब्द वापरावा लागतो आणि तो वयावरून ठरतो. आन्ह म्हणजे दादा, ची म्हणजे ताई, एम म्हणजे धाकटे भावंड, बाक म्हणजे आईवडिलांपेक्षा मोठे काका किंवा काकू, बा म्हणजे आजी. वय कळल्याशिवाय वाक्यच पूर्ण होत नाही. पहिल्या सहलीत मला सगळे ‘ची’ म्हणत, आता ‘को’ म्हणजे आत्या म्हणतात, आणि तुम्हा दोघांना बहुधा ‘बाक’ म्हणतील. तरुण वाढप्याला बोलवायचे असेल तर ‘एम ओई’ म्हणावे. आपल्या ‘अगं, अरे’सारखाच तो ‘ओई’ आहे, आणि ही एवढी हाक मारता आली की टेबलाकडे येणाऱ्या चेहऱ्यात फरक पडतो.

जेवणाविषयी तुम्ही ऐकलेले अर्धे खरे आहे. हनोईचे प्रसिद्ध पदार्थ मांसाचे आहेत: सकाळचा फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा रस्सा, बहुतेक ठिकाणी गोमांसाचा असतो, दुपारचा बुन चा डुकराच्या मांसाचा. गोमांस वर्ज्य असेल तर ‘बो’ हा शब्द पाटीवर ओळखायला शिका, आणि कोंबडीसाठी ‘गा’. शाकाहारी लोकांसाठी खरा अडसर माशांचा आंबवलेला रस हा आहे, कारण तो साध्या परतलेल्या पालेभाजीतही पडतो, आणि वाढणाऱ्याच्या मते त्याने भाजी मांसाहारी होत नाही. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. म्हणायचा शब्द ‘चाय’ असा आहे. तोय आन चाय, म्हणजे मी शाकाहारी जेवते. या शब्दामागे बौद्ध परंपरा आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला माशाचा रसही वगळायचा आहे हे समजते. पुष्कळ हनोईकर प्रतिपदेला आणि पौर्णिमेच्या तिथीला स्वतः चाय जेवतात, आपल्या एकादशीसारखेच. ‘कोम चाय’ अशी पाटी असलेल्या खानावळीत भात, टोफू, भाज्या आणि आळिंबी यांचे ताट मिळते. एवढे ध्यानात ठेवा की चहाला तिथे ‘चा’ म्हणतात. माझ्या गटातल्या एका काकांनी हिंदीच्या भरवशावर ‘चाय, चाय’ म्हटले आणि त्यांच्यापुढे टोफूची वाटी आली.

वेळ पाळा. तिथे दुपारचे जेवण साडेअकराला सुरू होते आणि एकपर्यंत संपते, रात्रीचे सहा-सातला. आपल्या सवयीने दोनला आणि नऊला बाहेर पडलात तर शिळे आणि महाग खाल, आणि दोष शहराला द्याल. सकाळी सोय सेओ मिळते का पाहा: हळदीच्या रंगाचा चिकट भात, वर मुगाच्या डाळीचा किसलेला गोळा आणि तळलेला कांदा. चरबी घालू नका म्हणून सांगावे लागते, बाकी हे खाणे कोणत्याही मराठी जिभेला परके नाही. नोव्हेंबरात कोम नावाचे कोवळ्या भाताचे हिरवे पोहे कमळाच्या पानात बांधून विकायला येतात. ते कच्चेच, चिमटीने, हुरड्याच्या सावकाशीने खायचे. अंड्याची कॉफी चालत असेल तर न्गुएन हू हुआन रस्त्यावरच्या गियांग कॅफेत घ्या. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलातल्या एका कामगाराने अंड्याचा बलक फेटून ती केली आणि पुढे स्वतःचे दुकान काढले. थेपले, भडंग, लोणचे बरोबर नेण्याला माझा विरोध नाही, मीही नेते. पहिले जेवण मात्र भारतीय उपाहारगृहात घेऊ नका. तिथे मिळणारा पनीर दोन्हीकडचा नसतो, आणि आपण कुठे आलो आहोत याची ओळख एक दिवस लांबते.

पैशांचे थोडक्यात सांगते. एका रुपयाला जवळपास ३०० डोंग येतात, त्यामुळे शून्ये खूप दिसतात. पाच लाखांची आणि वीस हजारांची नोट, दोन्ही निळ्या आहेत आणि दोन्हीवर हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे. एका टॅक्सीवाल्याने माझ्याकडून पहिली घेऊन दुसरी दाखवली होती आणि मी अंधारात वाद घालू शकले नाही. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. कुणी हौसेने कावड तुमच्या खांद्यावर ठेवू लागले तर फोटोचे पैसे लागणार आहेत, आणि कुणी न विचारता चपलेला डिंक लावू लागले तर दुरुस्तीचे. दोन्ही वेळा हसून चालते व्हावे.

स्थळांचे तिसऱ्या दिवशी पाहा. समाधीला सकाळीच जावे लागते (तिसरा दिवस सोमवार किंवा शुक्रवार आला तर ती चौथ्या दिवसावर ढकला), खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आत बोलायचे नाही आणि फोटो काढायचे नाहीत. बाहेरच्या बा डिन्ह मैदानावर २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. तिथून व्हान मिएउ म्हणजे विद्यामंदिर फार लांब नाही. १०७० मध्ये ते कन्फ्यूशियससाठी बांधले गेले. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोरलेल्या ८२ शिळा तिथे दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या आहेत. परीक्षेला निघालेली मुले त्या कासवांच्या डोक्यांना हात लावून जात, इतके की आता मध्ये कठडा घालावा लागला आहे. एक लाख डोंगांच्या नोटेच्या मागे याच मंदिराचे चित्र आहे, ते तिथे उभे राहून ताडून पाहा. तुरुंगाचे संग्रहालय, नाट्यगृह, पाण्यावरच्या कठपुतळ्या यांतले काय पाहावे हे तुमच्या पायांवर सोडते. साठीच्या आसपासच्या माणसाने एका दिवसात दोन स्थळे पाहिली तर ती लक्षात राहतात, पाच पाहिली तर तिकिटे राहतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच बरेचसे आले आहे. एवढे करूनही पहिल्या संध्याकाळी शहर आवडले नाही, तर ते एकमेकांना मोकळेपणाने सांगा, पण घरच्या ग्रुपवर लिहू नका. पन्नास जणांना ‘हनोई काही खास नाही’ असे कळवून झाले की पुढचे तीन दिवस माणूस नकळत ते वाक्य सिद्ध करत बसतो, आणि मी हे गटामागून गटांत पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर लिहा.

चौथ्या दिवशी सकाळी वेळ असेल तर लाँग बिएन पुलावर चालत जा. फ्रेंचांनी तो १९०२ मध्ये पुरा केला, तेव्हाच्या गव्हर्नर जनरलचे नाव त्याला दिले होते. अमेरिकेने १९६७ आणि १९७२ मध्ये त्यावर बाँब टाकले, आणि मोडलेले गाळे जमेल तसे भरून काढल्यामुळे त्याच्या लोखंडी कमानींची ओळ आज मध्येच तुटल्यासारखी दिसते. मधोमध आगगाडी जाते, दोन्ही कडांना दुचाक्या आणि सायकली, त्यांच्याही बाहेर पायी चालणाऱ्यांसाठी अरुंद फरशी; खाली नदीतल्या बेटावर केळीच्या बागा आहेत. फरश्यांच्या फटींतून पाणी दिसते, चक्कर येत असेल त्यांनी अर्ध्यावरून परत फिरावे. एक सूचना शेवटची: या पुलावर वाहने आपल्याकडच्यासारखी डाव्या बाजूने चालतात. तीन दिवसांत महत्प्रयासाने डावीकडे वळायला शिकलेली मान तिथे आधी उजवीकडे वळवा.